रेंजवर ‘स्टॉप’ ओरडणं हा उद्धटपणा नाही

मागच्या आठवड्यात दाजींनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. ‘मुलांना शूटिंगला पाठवताय? आधी हे वाचा.’ खाली पाच मुद्दे. एअर रायफल हे खेळणंच असतं, गड्ड्याच्या जत्रेत पोरं फुगे फोडतात त्यातलाच प्रकार, लायसन्ससुद्धा लागत नाही. गन रिकामी असेल तर तोंड कुणीकडेही असलं तरी चालतं. मोठ्यांची चूक दिसली तरी मुलांनी टोकू नये, अचानक टोकलं तर माणूस दचकतो, ते कोच बघतो. सेफ्टी फ्लॅग, म्हणजे गन रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी, स्पर्धेपुरता असतो. आणि छऱ्यातल्या शिशानं काही होत नाही.

असले फॉरवर्ड मी वाचतो आणि सोडून देतो. हा सोडता आला नाही. पॅरिसला २०२४ साली स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं, ते बघून माझ्या भाचीनं हट्ट धरला आणि आता ती इथं सोलापुरातच एका रेंजवर जाते. चौदा वर्षांची आहे. शनिवारी शेजारच्या लेनमधला एक मोठा माणूस हातात रायफल तशीच धरून मागच्या मित्राशी बोलायला वळला. बॅरल, म्हणजे रायफलची नळी, तिच्या पोटावरून फिरत गेली. ती गप्प राहिली. का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, “मामा, पप्पांनीच पाठवलं होतं की, मोठ्यांना टोकायचं नाही म्हणून.”

म्हणून तिसरा मुद्दा आधी घेतो. बाकीचे चुकीचे आहेत, हा घातक आहे.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची, म्हणजे आयएसएसएफची, नियमावली ऑलिंपिकपासून सगळीकडं प्रमाण मानतात. तिच्यात सुरक्षिततेचं वेगळं कलम आहे, ६.२. त्यात आहे की धोक्याची किंवा अपघात होऊ शकेल अशी कुठलीही गोष्ट दिसली तर नेमबाजानं ती रेंज ऑफिसरला किंवा ज्युरीला ताबडतोब कळवलीच पाहिजे. ‘कळवली तरी चालेल’ असं नाही, ‘कळवलीच पाहिजे’. वय, अनुभव, मेडल यांची अट त्यात नाही. म्हणजे माझ्या भाचीनं बोलणं हा तिचा आगाऊपणा ठरला नसता, तिनं नियम पाळला असता. तिला गप्प बसायला सांगणारा फॉरवर्ड तिला नियम मोडायला सांगत होता.

आणि ‘कोच बघतो’ हे तर मला ऐकवत नाही. कोच एक, लेन दहा. कुणाची तरी पोझिशन सुधारत तो पाठमोरा उभा असतो, त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला बॅरल फिरते. शिवाय कोच स्वतःसुद्धा माणूसच आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका रेंजवर ऑगस्ट २०१४ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी ही ऑटोमॅटिक सबमशीनगन दिली होती. प्रशिक्षक तिच्या अगदी शेजारी उभा होता. धक्क्यानं गन तिच्या हातातून वर उसळली आणि गोळी त्यालाच लागली. तो वाचला नाही. ती गन वेगळी, एअर रायफल वेगळी, मला कळतं. पण जाणकार माणूस शेजारी उभा आहे म्हणून निर्धास्त राहायचं, हा विचार तिथंही चालला नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. फॉरवर्डमध्ये लिहिलंय की नेम धरलेल्या माणसाला अचानक टोकलं तर तो दचकतो. हे खरं आहे. मागून खांद्यावर हात ठेवला तर तो गनसकट वळतो, आणि तेच आपल्याला नको असतं. म्हणून हात लावायचा नाही, गन हिसकायची नाही. धोका समोर असेल तर बॅरलच्या रेषेतून बाजूला व्हायचं आणि मोठ्यानं ‘स्टॉप’ म्हणायचं. तो शब्द ऐकला की सगळ्यांनी बोट ट्रिगरवरून काढायचं, गन टार्गेटकडं तोंड करून टेबलावर ठेवायची आणि हात बाजूला घ्यायचे. एवढी घाई नसेल, कुणी नुसता निष्काळजीपणे वागत असेल, तर “दादा, बॅरल पुढं ठेवता का?” एवढं पुरतं. तरी ऐकलं नाही तर कोच. कोचनंही हसण्यावारी नेलं तर किट भरून घरी यायचं. महिन्याची फी बुडाली तर बुडू दे.

आता ‘रिकामी गन’. एअर रायफलमध्ये छर्रा आत बसला की बाहेरून काही कळत नाही. म्हणूनच तर सेफ्टी फ्लॅग असतो. भडक रंगाची दोरी, पूर्ण बॅरलमधून आरपार जाते, पुढच्या तोंडातून टोक दिसतं. टोक दिसलं म्हणजे आत छर्रा नाही, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच नाही. तो स्पर्धेपुरता असतो म्हणणाऱ्यानं फ्लॅग कशासाठी आहे तेच समजून घेतलेलं नाही. रोजच्या सरावात नवशिके जास्त असतात, तिथं तो जास्त लागतो. कॉलेजात एनसीसीला आम्ही पॉइंट टू-टू रायफल चालवायचो, तेव्हा उस्ताद स्वतः तपासलेली रायफलसुद्धा कुणाकडं वळवू द्यायचे नाहीत. टार्गेट बदलायला कुणी पुढं गेलं की गनला हातच लावायचा नाही, हाही तसाच नियम, आणि आयएसएसएफमध्येही तो आहे.

खेळणं म्हणाल तर स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो आणि सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं सुटतो. कातडी फोडून आत जायला सेकंदाला १०० मीटरचा वेग पुरतो, डोळ्याला त्याहूनही कमी. लायसन्स लागत नाही हे बरोबर, ०.१७७ इंच बोअर आणि २० जूल ताकदीच्या आतल्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांत सूट आहे. पण ऊस तोडायच्या कोयत्यालाही लायसन्स लागत नाही, म्हणून तो आपण पोरांच्या हातात देतो का? गड्ड्यावरच्या स्टॉलची गन कमी ताकदीची असते एवढंच. तिथंही पोरं गन घेऊन गर्रकन मागं वळतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

शिशाबद्दल थोडक्यात. छर्रे बहुतेक शिशाचेच असतात आणि शिसं हाताला लागतं. सराव झाला की साबणानं हात धुवायचे, त्याआधी खाण्याचा डबा उघडायचा नाही.

दाजी, तुम्ही काळजीपोटीच पाठवलं, हे मला माहीत आहे. पण पोरीनं तुमचा शब्द पाळला आणि बॅरल पोटासमोर असताना गप्प उभी राहिली. येत्या शनिवारी तिला सोडायला तुम्हीच जा, आणि आत जायच्या आधी तिला तुमच्याच तोंडानं सांगा की ओरडायचं.