वेटसूटमध्ये शिरलेलं पाणी ऊब देत नाही

थंड पाण्यातल्या स्कूबा डायव्हिंगबद्दल एक सल्ला सध्या खूप फिरतोय. वेटसूटमध्ये, म्हणजे डायव्हरच्या अंगाला चिकटून बसणाऱ्या रबरी पोशाखात, शिरलेलं पाणी अंगाच्या उष्णतेने तापतं आणि तेच ऊब देतं, म्हणून सूट जरा सैल घ्या. निम्मी उष्णता डोक्यातून जाते, म्हणून जाड हूड (डोकं झाकणारी टोपी) घाला, बाकी निभावतं. ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊच न देणारा सूट, असेल तर प्रश्नच मिटला. उतरण्याआधी ब्रँडीचा घोट घ्या, आणि थोडं कुडकुडलात तरी चालतं. तारकर्लीच्या कोमट पाण्यात शिकून आइसलंडच्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेत उतरायला निघालेल्या कुणी हे मनावर घेऊ नये. तिथलं पाणी बारा महिने 2 ते 4 अंश सेल्सिअस असतं.

पहिला मुद्दा मुळातच उलटा आहे. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. ऊब टिकवतात ते निओप्रीनमध्ये, म्हणजे सूटच्या फेसाळ रबरात, कोंडलेले वायूचे बारीक बुडबुडे. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला वेटसूट घडवला तो याच तत्त्वावर. आत शिरलेलं पाणी तापतं ते तुमच्याच अंगातली उष्णता घेऊन, आणि सैल सूटमध्ये दर हालचालीला ते बाहेर जाऊन नवं गार पाणी येतं. म्हणून मान, मनगट, घोटा इथे सूट घट्टच हवा. उतरण्यापूर्वी सूटमध्ये कोमट पाणी ओततात, त्याने पहिला झटका कमी होतो, एवढंच.

शिवाय हे बुडबुडे खोलीवर दबतात. 10 मीटरवर वायूचं आकारमान निम्मं होतं, 30 मीटरवर पाव. वर 7 मिलिमीटर असलेला सूट खाली बराच पातळ झालेला असतो.

डोक्याचं म्हणाल तर ते शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा. हूड हवाच, कारण टाळूतल्या रक्तवाहिन्या थंडीत हातापायांसारख्या आकसत नाहीत. पण बोटं बधिर झाली तर व्हॉल्व्ह दाबता येत नाही, बक्कल सुटत नाही. तिथे हूड काय करणार?

ड्रायसूटचं पातळ कापड फक्त पाणी अडवतं. ऊब देतात आतले लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे जाड कपडे आणि त्यांत अडकलेली हवा. सुती कपडे नकोत, घामाने भिजले की गारठवतात. हेलियमचं मिश्रण श्वासाला घेणारे डायव्हर ते ड्रायसूट फुगवायला वापरत नाहीत, कारण हेलियम हवेच्या सुमारे सहापट उष्णता वाहून नेतो.

ब्रँडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात. गरम वाटतं, प्रत्यक्षात उष्णता बाहेर पडते आणि निर्णयशक्तीही ढिली होते.

सगळ्यांत घातक आहे ते ‘थोडं कुडकुडणं चालतं’. तळाशी ऊबदार असलेलं शरीर वर येताना गारठलं की रक्तपुरवठा मंदावतो आणि दाबाखाली श्वासातून अंगात मुरलेला नायट्रोजन नीट बाहेर पडत नाही. अमेरिकी नौदलाच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हीच स्थिती डीकम्प्रेशन सिकनेसचा (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या आजाराचा) धोका वाढवताना दिसली. खोली आणि वेळेवरून वर येतानाचे थांबे सांगणारा तुमचा डाइव्ह कॉम्प्युटर तुम्ही किती गारठलात हे अंगाला हात लावून पाहत नाही. कुडकुडायला लागलात की जोडीदाराला खूण करा आणि ठरलेले थांबे घेत वर या. बाहेर आल्यावर लगेच कढत पाण्याने अंघोळ नको, त्वचा एकदम तापली तर तिथल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. कोरडे कपडे, टोपी आणि गरम चहा घ्या.