डॉटचं चुकलं, बाकीचं नाही

नमस्कार. टेम्प्लेटला डेटा कसा द्यावा, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. जँगो आणि जिंजा या पायथनमधल्या, डेटातून वेबपान घडवणाऱ्या टेम्प्लेटांत डॉट (‘पट्टी.वजन’मधला टिंब) सारखाच चालतो हे मी लिहिलेलं चूक आहे. आणि तीन फॉर लूप लिहायच्या कंटाळ्यापायी मी लोकांना सगळा डेटा आधीच सपाट करायला, म्हणजे एकात एक थर मोडून एकच यादी करायला, शिकवतोय, तुमच्या पानात तर चार थर सुखाने नांदतात.

पहिला कबूल. डॉट दिसला की जँगो आधी डिक्शनरीतली ‘की’ (नोंदीचं नाव) शोधतो, मग ॲट्रिब्यूट (वस्तूचा अंगचा गुण), मग लिस्टमधला क्रमांक. जिंजा आधी ॲट्रिब्यूट बघतो. म्हणजे पट्टीत (अडत्याने शेतकऱ्याला दिलेल्या विक्रीच्या हिशेबात) ‘आयटम्स’ नावाची ‘की’ असेल, तर ‘पट्टी.आयटम्स’ला जँगो माल दाखवतो आणि जिंजा डिक्शनरीची त्याच नावाची अंगभूत मेथड हातावर ठेवतो. तिथे चौकटी कंसच हवा. लेखात दुरुस्ती केली आहे. (जँगोचा क्रम सोयीचा, पण डिफॉल्टडिक्ट, म्हणजे नसलेल्या ‘की’ला आपणहून रिकामी लिस्ट देणारी डिक्शनरी, दिलात की अंगावर येतो. नसलेली ‘आयटम्स’ ती जागच्या जागी तयार करते, लूपला रिकामी लिस्ट मिळते आणि पान कोरं. एरर नाही, काही नाही.)

दुसरा मात्र मान्य नाही. सपाट करा असं मी म्हटलंच नव्हतं.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी हळदीच्या पट्ट्यांचं पान केलं होतं, तुमच्याच जिंजात. शेतकरी, त्याचे लॉट, लॉटमधली पोती. पानावरही तेच तीन थर दिसायचे होते, म्हणून लूप तीन. इथवर तुमचं-माझं जमतं. मग शेठ म्हणाले, “खाली एकूण वजन येऊ दे की ओ.” मी लूपबाहेर ‘एकूण’ शून्य धरलं, आत मिळवत गेलो. पानावर आलं ०. लूपच्या आत केलेला सेट (व्हेरिएबलला दिलेली नवी किंमत) जिंजा लूपबाहेर येऊ देत नाही. बेरीज करणारा सम फिल्टर एका थरापुरता ठीक, तिसऱ्या थराला हात टेकतो. जिंजा २.१० पासून लूपबाहेरही किंमत टिकवणारा नेमस्पेस आहे, तो लावला, चाललं. मग हळकुंडाची बेरीज वेगळी हवी, गड्ड्याची वेगळी, कणीची वेगळी. टेम्प्लेटमध्ये इफचं पेव फुटलं. सांगलीजवळच्या हरिपूरची, जमिनीखाली हळद साठवायची खरी पेवं बरीचशी २००५ च्या पुरात गेली. माझं हे मात्र वर्षभर टिकलं.

एके दिवशी बेरीज चुकली. तपासायची कुठे? टेम्प्लेटची चाचणी म्हणजे तयार झालेलं एचटीएमएल खरवडून आकडा काढायचा. शेवटी पायथनमध्ये एक छोटं फंक्शन लिहिलं: शेतकऱ्याखाली लॉट होते तसेच, शेजारी प्रतवार बेरजा. टेम्प्लेटमध्ये लूप अजूनही तीनच आहेत, सेट एकही नाही. याला सपाट करणं म्हणत असाल तर म्हणा.

अनुक्रमांक, एकाआड एक रंगाच्या ओळी हे दिसण्याचं काम. ते टेम्प्लेटमध्येच राहू दे. खोली किती हे आधी ठाऊक नसलेलं झाड असेल, तर जिंजाचा, स्वतःलाच पुन्हा बोलावणारा रिकर्सिव्ह लूप खरोखर देखणा आहे, तिथे मी तुमच्याच बाजूचा.

आता तुमच्या त्या चार थरांच्या पानात बेरीज कुठे होते, तेवढं लिहा.