आठ दिवसांत कुत्रा इंग्लंडला? गोव्यातल्या मांद्र्याच्या पडवीतून उत्तर

गेला महिनाभर एक मजकूर फोनवर फिरतोय. मला तो चार गटांतून आला, एकदा तर देवळाच्या जत्रेच्या गटावरही. मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडहून सुट्टीला आलेल्या एका बाईंना गोव्याच्या किनाऱ्यावर खरूज झालेला, उपाशी, बेवारस कुत्रा भेटला. त्यांनी त्याला लस टोचली आणि आठ दिवसांत विमानाने घरी नेलं. 'आपले लोक मात्र दगड मारतात. एकेका पर्यटकाने एकेक कुत्रा नेला तर गोव्यात भटकं कुत्रं उरणार नाही. आपण बालीला, थायलंडला जातो, तिथून कधी आणला का एखादा?' खाली फोटो. पिंजरा, आत तांबडा कुत्रा, आणि पिंजऱ्याच्या कडीवर एक हात. हाताच्या पुढचा माणूस कापलाय.

तो हात माझ्या मावसभावाचा. म्हणून हे लिहिणं आलं.

आधी ते आठ दिवस घेऊ. बाईंना कुत्रा भेटला फेब्रुवारीत. १८ तारखेला डॉक्टरांनी त्याच्या मानेत मायक्रोचिप (ओळख-क्रमांकाची बारीक चकती) घातली आणि मग रेबीजची लस दिली. क्रम हाच लागतो. लस आधी आणि चिप नंतर झाली तर ती लस धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त घ्यायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि त्यात प्रतिपिंडांचं, म्हणजे लसीने रक्तात तयार होणाऱ्या संरक्षक घटकांचं, प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक तरी भरलं पाहिजे. भरलं म्हणून लगेच निघता येत नाही. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला इंग्लंड रक्त घेतलेल्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबवतं. युरोपीय संघाचंही तसंच. आमच्या कुत्र्याचं रक्त २२ मार्चला घेतलं, म्हणजे २२ जूनच्या आत विमान नाही.

बाईंची सुट्टी फेब्रुवारीतच संपली होती. मग मधले चार महिने कुत्रा कुठे होता? मावसभावाच्या पडवीत. सकाळी पेज, संध्याकाळी बांगड्यांची डोकी, अंगावरचे गोचीड काढणं, खरजेचं औषध. रक्त घ्यायच्या दिवशी डॉक्टरांनी मानेवरून यंत्र फिरवलं, ते पीक करून वाजलं आणि पंधरा आकडे उमटले. मावसभाव एकेक आकडा मोठ्याने वाचून कागदाशी ताडत होता. एक आकडा चुकला तर तिकडे कुत्रा अडकतो. पायावरचे केस भादरून सुई लावली तेव्हा कुत्र्याचं लक्ष सुईकडे नव्हतंच, ह्याच्या मुठीतल्या तळलेल्या तुकडीकडे होतं. पिंजऱ्याची सवय लावायलाच दोन महिने गेले. पहिल्या रात्री त्याने दाराची जाळी चावून वाकडी केली.

शिवाय एक अट मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावी. पाळीव प्राणी म्हणून न्यायचा तर मालकाचा आणि कुत्र्याचा प्रवास पाच दिवसांच्या अंतरात व्हावा लागतो, नाहीतर व्यापारी मालाचे नियम लागतात. म्हणून बाई जूनमध्ये पुन्हा आल्या, स्वतःच्या खर्चाने. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट त्यांनी शब्द पाळला, आणि हा मजकूर काही त्यांनी लिहिलेला नाही. भर पावसात गाडीने मुंबई, तिथे कागदपत्रं, इंग्लंडात पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या मधे पट्टकृमीचं औषध, आणि विमानात माल म्हणून पिंजरा. बाईंच्या पायाशी नव्हे.

'लस टोचली की झालं' म्हणणाऱ्यांना हा सगळा कागदी छळ वाटतो. तसं नाही. रेबीजचा विषाणू चावल्यानंतर कित्येक आठवडे, कधी महिने, अंगात गप्प असतो. लसीच्या आधीच चावा बसलेला असेल तर वरून धडधाकट दिसणारं पिल्लूही नंतर पिसाळू शकतं. २००८ मध्ये श्रीलंकेहून प्राणिप्रेमींनी वाचवून नेलेल्या एका पिल्लाला लंडनच्या विलगीकरण केंद्रात रेबीज झाला. तेव्हा इंग्लंडात सहा महिने वेगळं ठेवायची पद्धत होती. ते कुणाच्या घरात, पोरांच्या अंथरुणात नव्हतं, म्हणून निभावलं.

उपाशी आणि बेवारस? खरूज होती, कबूल. पण तांबू (आमचं नाव, तिकडे वेगळं ठेवलंय) एका शॅकवर (किनाऱ्यावरची हंगामी खानावळ) झोपायचा आणि तीन घरी जेवायचा. पावसाळ्याआधी शॅक उतरवतात तेव्हा किनाऱ्यावरच्या कुत्र्यांची आबाळ होते, हे मात्र खरं. नेमके तेव्हा पर्यटकही नसतात. मग त्यांना कोण घालतं? दगड मारणारे आमच्यात आहेत, तसे ताटातलं घालणारेही.

एकेकाने एकेक नेण्याचा हिशोब तर शेंबडं पोरही खोडेल. कुत्री वर्षाला दोनदा माजावर येते. एक नेला तोवर दुसऱ्या कुंपणाखाली पाच-सहा पिल्लं डोळे उघडतात. गोव्यात जो फरक पडला तो विमानांनी नाही पडला. २०१४ पासून 'मिशन रेबीज' या संस्थेचे लोक जाळी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरतात, कुत्रा धरतात, लस देतात, कपाळावर रंगाचा पट्टा ओढतात, मोबाइलवर नोंद करतात आणि तिथेच सोडतात. २०२१ मध्ये सरकारने राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर केलं. नसबंदी केलेला कुत्रा होता तिथेच परत सोडावा, असं २०२३ चे केंद्राचे नियमही सांगतात. एका कुत्र्याच्या विमानखर्चात किती कुत्र्यांची नसबंदी होते, ते जवळच्या डॉक्टरांना विचारा.

राहिली बाली. आपल्या सीमाशुल्क खात्याच्या २०१३ च्या परिपत्रकाप्रमाणे सामानाबरोबर पाळीव प्राणी भारतात आणायची मुभा, तीही दोनच, सलग दोन वर्षं परदेशी राहून कायमचं परतणाऱ्याला आहे. आठ दिवस समुद्र बघून येणाऱ्याला ती नाही. शिवाय बालीत २००८ पासून रेबीज आहे. तेव्हा 'आणला का कधी' हा टोमणा तिथेच ठेवा.

कुत्रा नेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. तीन पायांचा, आंधळा, रस्त्यावर निभावणार नाही असा असेल तर जरूर न्या. फक्त चिप सुट्टीच्या पहिल्या दिवशी बसवा, शेवटच्या नव्हे, आणि मधले महिने कोण सांभाळणार ते त्याला विचारून ठरवा.

मजकूर मावसभावालाही दाखवला. फोटोत चेहरा नाही याचं त्याला काही वाटलं नाही. "निदान आठाचे १३० तरी करायला सांग," म्हणाला, आणि पिंजरा धुवायला गेला.