पंखा बदलून बोट विकण्याआधी गिअरकेस उघडा

आमच्या कुटुंबाची फायबरची बोट आणि तिच्यावरचे ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लावायचे) इंजिन आम्ही विकायला काढले आहे. गेल्या हंगामात मालवण बंदरात शिरताना ओहोटीच्या वेळी पंखा खडपावर आपटला. एका पात्याचा टवका उडाला, दुसरे पाते कडेला वाकले, तरी बोट स्वतःच्या बळावर किनाऱ्याला आली. काकांनी दुसऱ्या दिवशी दुसरा पंखा बसवला आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत बोट चालली. मात्र वेग वाढवला की इंजिनाच्या मुठीला पूर्वी नसलेली एक बारीक थरथर जाणवत असे. ती थरथर नव्या पंख्याची आहे, वाकलेल्या शाफ्टची (पंखा ज्यावर बसतो त्या दांड्याची) आहे की आमच्या मनातल्या भीतीची, हे आज आमच्यापैकी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

बोट विकायची आहे असे कळल्यापासून आम्हाला बहुतेकांकडून एकच सल्ला मिळतो आहे. पंखा नवा आहे, इंजिन पहिल्या दोरीला चालू होते, गिअरकेसला, म्हणजे पंख्याला फिरवणारे गिअर ज्यात असतात त्या खालच्या पेटीला, रंगाचा एक हात मारा आणि पावसाळ्यातच व्यवहार उरकून टाका. नुकसान झाले आहे हे तुम्हालाच ठाऊक नाही, तर सांगणार काय? हा सल्ला देणारी माणसे वाईट नाहीत. किनाऱ्यावर जुन्या बोटी वर्षानुवर्षे अशाच विकल्या जातात आणि घेणाराही ‘बघून घेतली’ असे म्हणून गप्प बसतो. तरीही हा सल्ला मला पूर्णपणे चुकीचा वाटतो. बोटीला मार लागला आहे ही माहिती आहे, आणि त्या माराने आत काय झाले असेल ही शंकासुद्धा माहितीच आहे. विकणाऱ्याजवळ ती आहे आणि घेणाऱ्याजवळ नाही, एवढ्यानेच ती सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

पंखा आपटतो तेव्हा डोळ्यांना फक्त पाते दिसते, पण धक्का पात्यापाशी थांबत नाही. पाते ज्या मधल्या गोलाला जोडलेले असते, त्याच्या आत रबराचा बुश असतो. मार बसला तर त्याने सरकावे आणि गिअर वाचवावेत, यासाठीच तो दिलेला असतो. बुश एकदा सुटला की इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) वाढतात, पण बोट त्या मानाने पुढे जात नाही. नवा पंखा बुशसह येतो, त्यामुळे ही खोड निघून जाते. खरी काळजी त्याच्या मागच्या शाफ्टची असते. शाफ्ट केसभर जरी वाकला, तरी तो फिरताना गिअरकेसच्या तोंडाशी असलेल्या ऑइल सीलला एका बाजूने घासत राहतो. सील झिजले की खारे पाणी आत शिरते, गिअर ऑइलमध्ये मिसळते आणि त्याचा रंग दुधाळ होतो. अशा ऑइलमध्ये बेअरिंग आणि गिअर फार काळ टिकत नाहीत. पंखा काही हजारांत मिळतो; शाफ्ट, गिअर आणि बेअरिंग बदलायची वेळ आली तर खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. तो खर्च नेमका कोणाच्या घरातून जाणार, हा या व्यवहारातला मुख्य प्रश्न आहे.

मार पुढे जाताना बसला की मागे येताना, हेही विचारायला हवे. पुढे जाताना आपटले तर इंजिन वर उचलले जाते आणि धक्क्याचा बराच जोर निघून जातो. रिव्हर्समध्ये मात्र इंजिन वर उसळू नये म्हणून ते अडकवलेले असते, त्यामुळे सगळा मार पंखा, शाफ्ट आणि बोटीची मागची फळी यांनाच सोसावा लागतो. आमच्या बोटीला मार पुढे जाताना बसला होता. हे मी इथे लिहितो आहे, कारण घेणाऱ्याच्या मेकॅनिकला ते उपयोगी पडेल.

आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पर्यटनाच्या लहान बोटीही या काळात वर ओढलेल्या असतात. होडीवर ताडपत्री असते आणि इंजिन घरात स्टँडवर टांगलेले असते. जुन्या बोटींचे सौदे नेमके याच दिवसांत होतात, कारण विकणाऱ्याला पैशाची निकड असते आणि घेणाऱ्याला नारळी पौर्णिमेपूर्वी तयारी करायची असते. पिंपात इंजिन बुडवून चालू करून दाखवतात, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते, गिअर पुढे-मागे पडतो आणि सर्वांचे समाधान होते. पण पिंपात पंख्यावर खऱ्या पाण्याचा भार येत नाही. वाकलेला शाफ्ट, सुटलेला बुश किंवा चुकीच्या पिचचा (एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल त्या मापाचा) पंखा यांपैकी एकही गोष्ट तिथे कळत नाही. भर समुद्रात पूर्ण वेगाने बोट नेल्याशिवाय इंजिन कंपनीने ठरवून दिलेल्या आरपीएमच्या मर्यादेत पोहोचते की नाही, हे समजणार कसे?

त्यातच, गिअरकेसमध्ये पाणी शिरलेले असेल आणि इंजिन दोन महिने तसेच टांगून ठेवले, तर बेअरिंगला गंज चढायला तो काळ पुरेसा असतो. त्यामुळे मार बसलेल्या इंजिनाचे गिअर ऑइल बोट वर काढल्याबरोबर काढायला हवे, विकायच्या आदल्या दिवशी नव्हे. विकायच्या आदल्या दिवशी नवे ऑइल भरणे ही तर मला सर्वांत घातक सवय वाटते. ताज्या ऑइलमुळे घेणाऱ्यासमोर खालचा स्क्रू उघडला तरी स्वच्छ धार येते, आणि जो एकमेव पुरावा त्याला सहज वाचता आला असता तो नाहीसा होतो. ही सेवा केली असे सांगता येते, आणि कित्येकांच्या मनात तसे खरोखर असतेही. तरी जुने ऑइल बाटलीत भरून ठेवायला काहीच खर्च येत नाही. आम्ही ते ठेवले आहे. ते दुधाळ म्हणावे इतके पांढरे नाही, पण पूर्वीसारखे स्वच्छही नाही. स्क्रूच्या चुंबकाला करडा लेप चिकटला आहे, जो नेहमीच्या झिजेने येतो; धातूचे कण किंवा तुकडे मिळाले नाहीत. एवढ्यावरून शंका मिटत नाही.

ती मिटवण्याचा मार्ग मात्र अवघड नाही, आणि म्हणूनच ‘आम्हाला ठाऊक नाही’ हे विकणाऱ्याचे उत्तर मला पटत नाही. प्लगच्या वायर काढून, इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून पंखा उतरवायचा. शाफ्टच्या टोकाजवळ एखादी काडी पक्की रोवून शाफ्ट हाताने सावकाश फिरवायचा. काडी आणि शाफ्ट यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहिली तर शाफ्ट सरळ आहे. ती कमी-जास्त झाली तर तो वाकला आहे. कारागिराकडे डायल गेज असेल तर अगदी बारीक वाकही मोजता येतो. पंखा उतरवलेलाच असतो, तेव्हा त्याच्या मागे शाफ्टला गुंडाळलेले तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) किंवा जाळ्याचे धागेही पाहून घ्यावेत. खडपावर कधीही न आपटलेल्या इंजिनाचे सीलसुद्धा या तंगुसाने कापले जाते, आणि मग गिअरकेसमध्ये पाणी कुठून आले याचा शोध भलत्याच दिशेने सुरू होतो.

जुन्या पंख्याविषयीही थोडे लिहिणे गरजेचे आहे. वाकलेले पाते ठोकून सरळ करून किंवा टवका भरून तोच पंखा परत बसवण्याची पद्धत आहे. कडेचा लहानसा ओरखडा कानसीने घासून गुळगुळीत करणे वेगळे. मुळापाशी चीर गेलेले ॲल्युमिनियमचे पाते वेल्डिंग करून वापरणे मात्र धोक्याचे आहे, कारण तिन्ही पात्यांचे वजन आणि वळण सारखे राहिले नाही तर त्या असमतोलाचे हादरे बेअरिंग आणि सीलपर्यंत पोहोचतात. बदली पंखा घेतानाही व्यास आणि पिचचे आकडे जुन्याशी ताडून पाहिले पाहिजेत. पिचमध्ये एका इंचाचा फरक पडला तर पूर्ण वेगाचे आरपीएम साधारण १५० ते २०० ने बदलतात. बाजारात त्या दिवशी जो मिळाला तो पंखा बसवलेली बोट घेणाऱ्याला मंद वाटू शकते किंवा तिचे इंजिन मर्यादेबाहेर फिरू शकते, आणि दोन्ही वेळा तो इंजिनाला दोष देतो.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे मी मुद्दाम वाचले. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ साधारणपणे घेणाऱ्यानेच माल पारखून घ्यावा असे धरते, आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७ नुसत्या मौनाला सहसा कपट मानत नाही. त्या कलमाखालच्या उदाहरणात लिलावात विकल्या गेलेल्या सदोष घोड्याविषयी मालक काहीच बोलत नाही आणि ते कपट ठरत नाही. सल्ला देणारे इथेच थांबतात. पण त्याच कलमात, एखादी गोष्ट ठाऊक असताना किंवा ती तशी आहे असे वाटत असताना ती दडवण्यासाठी काही कृती करणे, हे कपट म्हणून स्पष्ट सांगितले आहे. तिथे खात्रीच असली पाहिजे असे नाही. मार लागल्याची खूण झाकण्यासाठी गिअरकेसला रंग मारला, तर ते मौन राहत नाही. पुढचे एक उदाहरणही महत्त्वाचे आहे: घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा निर्दोष धरतो, तिथे मालकाचे गप्प बसणे बोलण्याइतकेच मानले जाते. आपल्याकडे प्रत्येक घेणारा हाच प्रश्न विचारतो, फक्त त्याचे शब्द वेगळे असतात: ‘काका, इंजिनाला कधी काही झाले नाही ना?’

आणि हा प्रश्न विचारणारा माणूस कोण असतो? लहान फायबरची जुनी बोट घेणारा बहुधा पहिल्यांदाच स्वतःची बोट करत असतो. आजवर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलेला, घरातले सोने गहाण ठेवलेला किंवा सोसायटीचे कर्ज काढलेला असा तो असतो. नवे इंजिन परवडत नाही म्हणूनच तो जुन्याकडे येतो, आणि गिअरकेसचा मोठा खर्च सोसण्याची ताकद सर्वांत कमी त्याच्यातच असते. पैशाहून गंभीर बाब जिवाची आहे. खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असतात. तिथे पंख्याने जोर सोडला तर बोट लाटेला आडवी होते, आणि आडवी झालेली लहान बोट सावरायला वेळ मिळत नाही. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटीत तर पोहता न येणारी माणसे आणि मुले बसलेली असतात. गिअर किनाऱ्यावर तुटला तर ते नुकसान असते, मुखाशी तुटला तर तो अपघात असतो. विकणाऱ्याने आधीच गिअरकेस उघडून पाहिले असते तर हे टळले असते, असे नंतर म्हणून त्या घराला काही परत मिळत नाही.

सगळे सांगितले तर भाव पडतो, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. आम्हालाही पैशाची गरज आहे. पण शंका उघड करून न तपासलेले इंजिन विकले तर घेणारा सर्वांत वाईट शक्यता धरून भाव पाडतो. तपासून विकले, तर शाफ्ट सरळ निघाल्यास भाव पडायचे कारणच उरत नाही, आणि वाकलेला निघाल्यास दुरुस्तीइतकीच रक्कम कमी करावी लागते.

म्हणून आम्ही असे ठरवले आहे. गिअरकेस याच महिन्यात उघडले जाईल आणि ज्याला बोट घ्यायची इच्छा आहे त्याने त्या वेळी स्वतःचा मेकॅनिक घेऊन हजर राहावे. शाफ्ट वाकला असेल तर बदलू, सील दोन्ही परिस्थितींत नवे घालू. जुना पंखा, जुने ऑइल आणि काढलेले सुटे भाग पाहायला ठेवलेले असतील. मार कुठे लागला, त्यानंतर किती काळ बोट चालली आणि काय बदलले, हे विक्रीच्या कागदावर इंजिनाच्या क्रमांकासह लिहून दोघांच्या सह्या होतील. पाण्यातली ट्रायल नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र शांत झाला की, घेणाऱ्याच्या माणसाच्या हाती मूठ देऊन होईल. तोपर्यंत आम्ही कोणाकडूनही विसार घेणार नाही.