‘वर्षभरात कर्ज खल्लास’ या हिशेबात काय काय गाळलंय

प्रवेशाचा हंगाम आला की एक मेसेज फिरू लागतो: ‘इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटरला मिळत असेल तर दहा लाखांचं कर्ज बिनधास्त काढा. शिकेपर्यंत व्याज नाही. पुढे दहा लाखांचं पॅकेज, म्हणजे वर्षभरात कर्ज खल्लास. वर टॅक्समध्ये सूट, आणि घरच्यांवर बोजा शून्य.’ एकेक वाक्य घेऊ.

‘शिकेपर्यंत व्याज नाही.’
शिकेपर्यंत हप्ता नसतो, व्याज असतं. बँक दर वर्षी फीपुरते अडीच लाख सोडते आणि त्या दिवसापासून मीटर सुरू होतं. दर १० टक्के धरा. हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. म्हणजे पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं व्याज सव्वा लाख, दुसऱ्यावर एक लाख, मग ७५ हजार, मग ५० हजार. नुसत्या सरळव्याजानं साडेतीन लाख झाले. पहिला हप्ता येतो तेव्हा देणं साडेतेरा लाखांवर गेलेलं असतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता १७,८४० रुपये आणि एकूण परतफेड २१ लाख ४१ हजार. मुदत १५ वर्षांची केली की हप्ता साडेचौदा हजारांवर उतरतो, पण परतफेड २६ लाखांच्या पुढे जाते.

शिकतानाच महिन्याचं व्याज भरत गेलं (पहिल्या वर्षी २,०८३ रुपये, चौथ्या वर्षी ८,३३३) तर पुढचा हप्ता १३,२१५ वर थांबतो. यासाठी काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात. मंजुरीपत्रात ती लिहिलीय का ते सही करण्याआधी बघा.

मेसेजमधलं वाक्य खरं ठरतं ते केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत बसणाऱ्यांपुरतं: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत आणि शिक्षण नॅक किंवा एनबीए (शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्था) मानांकित ठिकाणी. कोर्स मध्येच सोडला तर अनुदान हातचं जातं.

‘दहा लाखांचं पॅकेज.’
कॉलेजच्या फ्लेक्सवर छापतात तो एकाचा, फार तर चौघांचा आकडा. ‘९५ टक्के प्लेसमेंट’ हे तर बहुतेक वेळा ‘पात्र’ विद्यार्थ्यांचं प्रमाण असतं. पात्र म्हणजे साधारण ६० टक्के गुण आणि एकही बॅकलॉग (नापास होऊन राहिलेला विषय) शिल्लक नाही असे. शिवाय एकाच मुलीला तीन ऑफर आल्या तर त्या तीन मोजल्या जाण्याची शक्यता असतेच. म्हणून विचारायचं असं: या शाखेत प्रवेश किती झाले, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली, आणि मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त, निम्म्यांना कमी मिळतो तो) किती? कॉलेज एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीसाठी माहिती भरत असेल तर तिची पीडीएफ कॉलेजच्याच संकेतस्थळावर असते. त्यात नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार दिलेला असतो, पण सगळ्या शाखांचा मिळून. ज्यांना नोकरी लागली नाही ते त्यात नसतात, म्हणजे हाही आकडा थोडा गोडच.

मोठ्या आयटी सेवा कंपन्या सरसकट भरती करतात तेव्हा फ्रेशरला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, आणि हा आकडा दहा वर्षांत फारसा हललेला नाही.

‘वर्षभरात खल्लास.’
साडेतीन लाख म्हणजे महिन्याला २९,१६७. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीचा पीएफ १,८००, तुमचा १,८००, ग्रॅच्युइटी ७२२ आणि व्यवसाय कर २०० गेल्यावर हातात २४,६४५ उरतात. व्हेरिएबल पे (कामगिरीनुसार मिळणारा बदलता भाग) सीटीसीत, म्हणजे पॅकेजच्या एकूण आकड्यात, धरलेला असेल तर आणखी कमी. त्यातून १७,८४० चा हप्ता गेला की ६,८०५ रुपयांत पुण्यात खोलीभाडं आणि मेस बसवून दाखवा!

बरं, दहा लाखांचं पॅकेज खरंच मिळालं असं समजू. हातात सत्तर हजारांच्या आसपास येतील. त्यातले दर महिन्याला ४० हजार कर्जात घातले तरी ४० महिने लागतात.

उलट्या बाजूनं मोजणं शहाणपणाचं. हप्ता हातातल्या पगाराच्या पाव हिश्श्यात ठेवायचा तर साडेतीन लाखांच्या पॅकेजवर ६,१५० चा हप्ता झेपतो. त्यातून परतफेडीच्या सुरुवातीचं ४.६५ लाखांचं देणं दहा वर्षांत फिटतं, म्हणजे मूळ कर्ज सुमारे साडेतीन लाखांचं हवं. आणि एक लक्षात ठेवा: हप्त्याची वर्षभराची सूट कोर्स संपल्यापासून मोजतात, जॉइनिंगपासून नाही. २०२२च्या बॅचमधल्या कित्येकांना ऑफर लेटर हातात असूनही जॉइनिंगची महिनोन् महिने वाट बघावी लागली.

‘टॅक्समध्ये सूट.’
शैक्षणिक कर्जाची वजावट फक्त व्याजावर, तीही आठ वर्षं आणि जुन्या करप्रणालीतच. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही. मग वाचवणार काय?

‘घरच्यांवर बोजा शून्य.’
आई किंवा वडील सहकर्जदार असतात. बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण नाही (काही बँका चार लाखांपुढे जामीनदार मागतात), त्यापुढे तारण. दहा लाखांना बहुधा घराची कागदपत्रं जातात. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं आणि आईवडिलांचाही सिबिल खराब होतो. निवडक संस्थांत शिकणाऱ्यांना केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्ज मिळतं. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी तपासा.

राहिलं मेसेजचं पहिलं वाक्य, ‘कॉम्प्युटरला मिळत असेल तर’. खरा खड्डा इथे आहे. कॅपमध्ये (सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत) कॉम्प्युटर हुकतं आणि मग मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं जातं. कॅपमधून आलेल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस विद्यार्थ्याला राज्य सरकार शिक्षणशुल्काचा निम्मा भाग परत देतं. याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यात यातलं काहीच नाही. आणि साडेतीन लाखांची भरती करणाऱ्या त्याच कंपन्या ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), इलेक्ट्रिकलच्या मुलांनाही त्याच परीक्षेला बसवतात आणि तोच पगार देतात.