प्रिंटआउट चालतं, झेरॉक्स नाही

मी लिहिलेलं पुस्तक मीच लिहिलंय याचा पुरावा पाच दिवसांत द्या, अशी मेल मला गेल्या सोमवारी आली. खाली इंग्रजीत, तुमच्या सर्जनशील प्रवासात आम्ही सोबत आहोत, असंही लिहिलं होतं.

पुस्तक १९९७ सालचं. लोकलच्या डब्यातल्या माणसांवरचे विनोदी लेख, हजार प्रतींची एकुलती एक आवृत्ती. प्रकाशक गिरगावातले. त्यांच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. पुतण्या म्हणाला, काका, ई-बुक करून टाकू, पैसे लागत नाहीत. त्याने टाइप करून घेतलं, ई-बुक विकणाऱ्या एका कंपनीच्या साइटवर चढवलं. तिसऱ्या दिवशी मेल: हा मजकूर इंटरनेटवर आधीच फुकट मिळतोय, तेव्हा तो तुमचा आहे हे सिद्ध करा. म्हणजे चोराने भांडीकुंडी रस्त्यावर मांडून विकायला काढली, आणि हवालदार घरमालकालाच विचारतोय की घर तुमचंच कशावरून?

पुस्तकाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तुम्ही शोधाल, आणि सगळ्यात आधी ती फुकटची पीडीएफच हाताला लागेल.

पुरावा म्हणजे पुस्तकाचं नाव असलेलं पान, हक्कांची नोंद असलेलं पान आणि पहिली दहा पानं, एकाच फाइलीत, २ एमबीच्या आत. मी मोबाइलवर फोटो काढून पाठवले. उत्तर आलं, अस्पष्ट आहे. मग खिडकीपाशी जाऊन काढले. उत्तर आलं, पानावर बोट दिसतंय. ज्या बोटांनी पुस्तक लिहिलं त्यांतलंच ते एक होतं, पण एवढा सज्जड पुरावा त्यांना पुरेना. शेवटी पुस्तक पिशवीत घालून दादर पश्चिमेला गेलो.

स्टेशनबाहेर फुलवाल्यांच्या गर्दीतून अंग चोरून निघालं की एका गल्लीत कपाटाएवढं झेरॉक्सचं दुकान आहे. आत एक मशीन, एक कॉम्प्युटर, एक मुलगा आणि मालक, असे चौघे उभे राहतात. पाचव्याने रस्त्यावर. समोर लॅमिनेट केलेला कागद टांगलाय: 'पुस्तकांची झेरॉक्स व स्कॅन मिळणार नाही. वाद घालू नये. कलम ६३. ६ महिने ते ३ वर्षे. दंड ५०,००० ते २ लाख.' त्याखाली हाताने: 'सुट्टे पैसे द्यावेत.'

मी पुस्तक पुढे केलं. मालकांनी ते हातातही घेतलं नाही. बोटाला रबरी टोपी होती, त्या बोटाने फक्त कागदाकडे दाखवलं.

"बुक नाही होणार, काका."

"अहो, बाराच पानं हवीत. आणि पुस्तक माझंच आहे."

"सगळे तेच बोलतात. परवा एक पोरगा आला, मेडिकलचं एवढं जाडं. तोपण बोलला माझंच आहे."

"तसं माझं नाही हो. मी विकत घेतलेलं नाही. मी लिहिलंय."

आता त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, आणि मलपृष्ठावरचा माझा फोटो पाहिला. मग मला पाहिलं. मग पुन्हा फोटो. १९९७ साली मला केस होते, आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे हनुवटीखाली मूठ होती.

"हा तुम्ही?"

"हो."

"ह्याला केस आहेत."

मागे रांगेत पाच जण झाले होते. अॅडमिशनचे फॉर्म घेऊन उभ्या असलेल्या एका बाई म्हणाल्या, "दादा, जरा मूठ ठेवून दाखवायला सांगा ना त्यांना." आणि सांगायला लाज वाटते, पण मी ठेवली. दादरच्या भर रस्त्यात, पिशवी काखेत मारून, हनुवटीखाली मूठ. बाई म्हणाल्या, "नाक सेम आहे."

नाक पुरेसं नव्हतं. मालकांनी आधार कार्ड मागितलं. आधारवर माझं नाव वडिलांच्या नावासकट लांबलचक, पुस्तकावर नुसती आद्याक्षरं. "हे दोन वेगळे माणूस झाले," मालक म्हणाले. एवढी बारकाई आमच्या बँकेतसुद्धा नाही.

मी मग कायदा काढला. मेल आल्यापासून रात्री झोप नव्हती, त्यामुळे वाचन झालं होतं. म्हटलं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, स्वतःच्या वापरासाठी, अभ्यासासाठी वाजवी प्रमाणात नक्कल चालते. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सवाल्यावर तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली खटला घातला होता, मुलांना पुस्तकातली पानं एकत्र बांधून देतो म्हणून. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने खटला फेटाळला, पुढे अपिलात थोडी खळखळ झाली, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनीच तो मागे घेतला. तुमच्याच धंद्यातला माणूस जिंकलाय, तुम्ही कसले घाबरता?

मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या वेळात तीन पॅन कार्डं आणि एक लाइट बिल काढून झालं.

"ते शिकणाऱ्या पोरांचं ना? तुम्ही शिकता का?"

"नाही."

"मग."

आणि मग, मी पुस्तक पिशवीत परत ठेवतोय हे पाहून, त्यांना माझी दया आली. खरोखरच आली. त्या माणसाच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नव्हतं, हेच मला जास्त लागलंय. आवाज खाली आणून ते म्हणाले, "काका, बुकच पाहिजे ना? नाव सांगा. ग्रुपवर असेल."

मी नाव सांगितलं. त्यांनी मोबाइलवर तीन अक्षरं टाइप केली आणि माझं पुस्तक आलं.

"हे बघा. एकशे बेचाळीस पानं. क्लिअर आहे. देऊ काढून? दोन रुपये पान."

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"ते झेरॉक्सचं. ही प्रिंटआउट. प्रिंटआउट चालतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मस्करी नव्हती. त्यांच्या दृष्टीने भेद चोख होता. झेरॉक्समध्ये मूळ पुस्तक त्यांच्या काचेवर उताणं पडतं, म्हणजे गुन्हा त्यांच्या दुकानात घडतो. प्रिंटआउटमध्ये गुन्हा आधीच दुसरीकडे कुणीतरी उरकलेला असतो, इथे फक्त कागद बाहेर येतात. ज्याने पुस्तक लिहिलं त्याला त्याच्या हातातल्या प्रतीची बारा पानं मिळणार नाहीत, पण चोरलेली अख्खी एकशे बेचाळीस मिळतील, स्पायरल बाइंडिंगसकट. आमच्या दादरच्या मालकांना हसण्यात अर्थ नाही, कारण त्या कंपनीचा मेल यापेक्षा वेगळं काय म्हणत होता? तिथेही माझी प्रत संशयित, आणि चोराची प्रत हा संदर्भ.

मी म्हटलं, काढा.

का म्हटलं, ते मला अजून समजलेलं नाही. बहुधा लोकांसमोर मूठ ठेवल्यावर माणसाचा कणा जातो.

मशीन गरम कागद ओकायला लागलं आणि मी रस्त्यावर उभा राहून माझं पुस्तक वाचू लागलो. स्कॅन करणाऱ्याने कुठल्या तरी वाचनालयाची प्रत वापरली होती. दर वीस पानांनी जांभळा शिक्का, आणि मधून मधून एका वाचकाने पेन्सिलीने केलेली टिपणं. बहुतेक ठिकाणी नुसत्या रेघा. पान सदतीसवर मात्र, विरार लोकलच्या चौथ्या सीटवरचा माझा जो परिच्छेद आहे (ज्याचं एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून कौतुक केलं होतं), त्याच्या शेजारी समासात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'पाल्हाळ!'

उद्गारचिन्हासकट.

चोरी मी एक वेळ माफ केली असती. पण त्या ग्रुपात चार हजारांवर माणसं आहेत, आणि त्या चार हजारांनी माझं पुस्तक या गृहस्थांच्या शेऱ्यासकटच वाचलंय. पुस्तकावर आलेलं हेच सर्वांत जास्त खपलेलं परीक्षण. पुन्हा आवृत्ती निघाली तर 'पाल्हाळ!' मलपृष्ठावर घ्यावं लागेल.

हक्काचं पान शोधलं तर ते पीडीएफमध्ये नव्हतंच. त्या जागी ग्रुपची जाहिरात होती: 'रोज नवीन पुस्तके मोफत. आमची पीडीएफ इतर ग्रुपवर टाकू नये. स्कॅन करायला कष्ट लागतात.'

म्हणजे नेमकं जे पान हवं तेच नाही. मी मालकांना म्हटलं, एवढं एक पान तरी माझ्या पुस्तकातून स्कॅन करा. त्यांनी विचार केला. डोकं खाजवलं, रबरी टोपीच्या बोटाने. मग म्हणाले, "पुस्तकातून नाही होणार. सुटा कागद असला तर होईल."

"म्हणजे?"

"फाडून द्या ना."

माझ्याकडे या पुस्तकाच्या दोन प्रती उरल्यात. एक कसरीने खाल्लेली. दुसरी ही. मी पान फाडलं. जुनी शिवण, नीट निघालं नाही. 'सर्व हक्क सुरक्षित' मधलं 'सर्व' पुस्तकातच राहिलं. सुट्या कागदाला स्कॅन करायला त्यांची काहीच हरकत नव्हती. एकूण तीनशे एकोणतीस रुपये झाले: प्रिंटआउटचे दोनशे चौऱ्याऐंशी, स्पायरलचे चाळीस, स्कॅनचे पाच. लेखक म्हणून काही सवलत मिळेल का विचारलं, तर मेलवर फाइल फुकट पाठवली. १९९७ पासून या पुस्तकाने मला किती रॉयल्टी दिली ते सांगत नाही, पण त्या दुपारी आमचा हिशोब उणेमध्ये गेला.

इकडे पुतण्याने त्या ग्रुपवाल्या अॅपकडे तक्रार केली. आपल्याकडे नियम आहेत, अगदी तपशीलवार आहेत. २०१३ च्या कॉपीराइट नियमांत लिहिलंय की हक्कदाराची रीतसर तक्रार आली की ३६ तासांत मजकूर बंद करायचा. किती दिवस? २१ दिवस. तेवढ्यात कोर्टाचा हुकूम आणलात तर ठीक, नाहीतर पुन्हा खुला करायची मुभा. एकवीस दिवसांचा गणपती मी पाहिला होता, एकवीस दिवसांची चोरीबंदी पहिल्यांदाच. बरं, फाइल गेली खरी. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाच्या ग्रुपवर परत आली. 'पाल्हाळ!' जागच्या जागी. माझा मजकूर जगात कुठे फुकट पडलाय हे तीन दिवसांत हुडकणारी यंत्रं आहेत, आणि ती ओळख पटवून येतात कुणाच्या दारात, तर माझ्या. मी मेल्यावर साठ वर्षं हा हक्क टिकणार आहे. पूर्वी पन्नास होती. टागोरांची पन्नास १९९१ अखेर संपणार म्हणून सगळ्यांनाच दहा वाढवून मिळाली. मेल्यावरची ती साठ वर्षं राहू देत, जिवंतपणी एक आठवडा मिळाला असता तरी चाललं असतं.

असो. फाटकं पान पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर: पानावरचं हक्कदाराचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही.

आता हे सांगायला हवं. आमच्या पिढीतल्या लेखकांची एक रीत होती. पुस्तक निघालं की गोलातल्या इंग्रजी सी पुढे बायकोचं नाव घालायचं. कुठलंही जुनं मराठी पुस्तक उघडा, हक्क सौ.च्या नावे. दागिन्याच्या जागी तेवढंच. मीही घातलं होतं. कायदा वाचल्यावर कळलं की असं नुसतं नाव छापून काही होत नाही. पहिला मालक लेखकच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी हवं, सही हवी, आणि मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं. हे सगळं मी कलमांसकट कळवलं. परत तोच मेल, स्वल्पविरामही न बदलता: हक्कदाराचं संमतीपत्र जोडा.

संध्याकाळी हिच्यापुढे कागद ठेवला. म्हटलं, इथे सही कर.

"कशावर?"

"हे पुस्तक तुझ्या नावावर आहे. मला ते छापू देतेस, असं लिहिलंय."

"माझ्या नावावर? कधीपासून?"

"सत्त्याण्णवपासून."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अहो, आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?" त्यापुढचं संभाषण घरगुती आहे. मुद्दा एवढाच की वाचल्याशिवाय सही करू नये असं मीच तिला आयुष्यभर सांगत आलोय, तेव्हा आधी पुस्तक वाचणार आणि मग सही. मूळ प्रत उघडली तर पानं सुटायला लागली, म्हणून स्पायरलवाली घेतली. चष्मा लावून गॅलरीत बसली. मुदत संपायला एक दिवस होता.

रात्री साडेनऊला आतून हाक आली, "पान सदतीसवर कुणी लिहिलंय हो?"

म्हटलं, माहीत नाही. कुणीतरी वाचक.

"बरं," ती म्हणाली. "तुमची पेन्सिल कुठेय?"