फ्रिजमध्ये स्कूटरची किल्ली

परवा इनबॉक्समध्ये एका मुलाचा मेसेज आला. "ताई, पुढच्या फिल्ममध्ये काहीही काम द्या, पैसे नकोत." त्याला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं.

बाळा, पैसे माग.

मी 12-13 वर्षं पुण्यात छोट्या फिल्म्सचं प्रॉडक्शन बघते. म्हणजे नक्की काय करते, हे आईला अजून समजावता आलेलं नाही. ती शेजारी सांगते, "ती शूटिंगवाल्यांचं सगळं बघते." खरं तर याहून अचूक कुणी सांगितलेलं नाही.

एक किस्सा सांगते. कसब्यातला वाडा, 17 दिवसांचं शेड्यूल, युनिट 19 जणांचं, सगळं सिंक साउंड. नट जे बोलेल ते तिथेच रेकॉर्ड, नंतर डबिंग नाही. त्या दिवशीचा सीन आई आणि मुलाचा. बोलणं चार ओळींचं, बाकी दोघं नुसती बसलेली. असा सीन साउंडवाल्याचा जीव खातो, कारण माणसं गप्प बसवणं सोपं, वाडा गप्प बसवणं महाकठीण. वर कुणाचा कुकर, बोळात टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न, हे सगळं एकेक करून थांबवलं. तरी आमचा रेकॉर्डिस्ट हेडफोन सारखा करत म्हणाला, "घुंsss येतंय." भिंतीपलीकडे काकूंचा फ्रिज होता.

मी गेले. "काकू, वीस मिनिटं बंद करू का?"

"आणि चालू करायला विसरलात तर? मागे एक शूटिंगवाले असेच विसरले, दोन लिटर दूध नासलं माझं."

आता यांना काय सांगावं या विचारात मी, तेवढ्यात मागून रेकॉर्डिस्ट आला. त्याने खिशातून स्कूटरची किल्ली काढली, फ्रिज उघडला आणि दह्याच्या भांड्याशेजारी ठेवून दिली. "काकू, आता विसरलो तर घरी कसा जाईन?" ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती. काकूंना मात्र ती इतकी पटली की त्यांनी कुकरवाल्या बाईंनाही स्वतःच जाऊन दम दिला.

सीन झाला. मग रूम टोन. सगळ्यांनी असेल तिथे एक मिनिट पुतळा व्हायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, एडिटला सांधे जुळवायला तीच लागते. रफूला त्याच कापडाचा धागा लागतो ना, तसं. स्पॉटदादा हातात चहाचा ट्रे घेऊन उभे, कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा फोकस पुलर एका पायावर. आणि 40 व्या सेकंदाला माळ्यावरून पारवा फडफडला. सगळ्यांनी कपाळावर हात मारला, पण नेमका तोच टेक एडिटरला आवडला. सीनची शेवटची ओळ उडाली आणि तिथे तो पारवा आला. पुढे एका परीक्षणात छापून आलं, "दिग्दर्शकाने केलेला मौनाचा वापर." दिग्दर्शक मित्र माणूस आहे. त्याने मला कात्रण पाठवलं आणि खाली लिहिलं, "काकूंना दाखव."

दिग्दर्शकाचं नाव मोठं लावायला माझी अजिबात हरकत नाही. शेवटी कुणीतरी एकानेच ठरवावं लागतं, नाहीतर पॅकअप होत नाही. पण बजेट छोटं असतं तेव्हा क्रिएटिव्ह टीम कुठे संपते आणि प्रॉडक्शन कुठे सुरू होतं हे मला तरी अजून कळलेलं नाही. त्याच फिल्ममध्ये पाऊस होता. टँकर, पाइप, जास्तीचा जनरेटर असा हिशोब मांडला तर युनिटचं दोन दिवसांचं जेवण त्यात जात होतं. मी नाही म्हणाले. आर्टच्या मुलीने दारात एक निथळती छत्री उघडून ठेवली. रेकॉर्डिस्टने ऑगस्टमध्ये स्वतःच्या गॅलरीत घेतलेला पत्र्यावरचा पाऊस काढला. फिल्ममध्ये पावसाचा थेंब दिसत नाही आणि लोक विचारतात, पाऊस कुठे शूट केला?

हे पुण्याला नवीनही नाही. लॉ कॉलेज रोडवर आज जिथे एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे तिथे आधी प्रभात फिल्म कंपनी होती. 1929 ला कोल्हापुरात निघाली, 1933 ला पुण्यात आली. 1936 चा 'संत तुकाराम', ज्याचा पुढच्या वर्षी व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला गौरव झाला, तो दिग्दर्शित केला दामले आणि फत्तेलाल यांनी. विष्णुपंत दामले प्रभातचा साउंड विभाग सांभाळायचे, फत्तेलाल कला विभाग. आजच्या पोस्टरवर ही दोन नावं खाली बारीक टाइपात गेली असती. आणि प्रभातमध्ये माणसं महिन्याच्या पगारावर होती, हेही लक्षात असू दे.

फुकट राबायची सवय आपल्याला पुरुषोत्तमपासून, म्हणजे कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेपासून लागते. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत नेपथ्याचे फ्लॅट उचलताना कुणी पैशाचा विचार करत नाही, करूही नये, कारण तिथे सगळेच फुकट असतात. तीच सवय फिल्मवर घेऊन गेलो की घोळ होतो. कॅमेऱ्याचं भाडं दिलं जातं, लेन्सचं दिलं जातं, जनरेटरचं डिझेल तर रोखच. त्यांना पॅशनच्या गप्पा सांगायची कुणाची हिंमत नसते. उधार राहतात ती माणसं.

माझी पहिली फिल्म. पाच महिने काम, आणि तोंडी शब्द: "सबसिडी आली की पहिले तुझे." राज्य सरकारचं अनुदान, अनेक वर्षं अ दर्जाला 40 लाख आणि ब दर्जाला 30 लाख, हे फिल्म पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, समितीने बघितल्यावर मिळायचं आणि जायचं निर्मात्याकडे. आमच्या फिल्मला ते आलं. मला कळलं ते कुणाच्या तरी अभिनंदनाच्या स्टेटसवरून. माझं नाव 'विशेष आभार'मध्ये होतं, केटररच्या खाली, आडनाव चुकीचं. मी भांडले नाही. काय दाखवून भांडणार? कागद कुठे होता?

गंमत म्हणजे सिनेमातल्या कामगारांसाठी 1981 सालीच केंद्राचा कायदा झाला. मोबदल्याची मर्यादा वगैरे कलमं होती, पण फीचर फिल्मवर माणूस घ्यायचा तर लेखी करार करायचा हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्या पाच महिन्यांत सेटवर एकाच्याही तोंडून मी त्याचं नाव ऐकलं नाही.

आणि हो, मीही धुतल्या तांदळाची नाही. कंटिन्यूइटी करणाऱ्या, म्हणजे एका शॉटचं दुसऱ्याशी जुळतंय ना हे बघणाऱ्या एका मुलीचे अर्धे पैसे मी 11 महिन्यांनी दिले. तिने एकदाही आठवण केली नाही, मीही सोयीस्कर गप्प बसले. ती आता एका बँकेत आहे. बँकेने काही 11 महिने लावले नसणार.

तेव्हापासून पहिल्या दिवसाच्या आधी प्रत्येकाच्या हातात एक पान देते. मराठीत. काम कुठलं, दिवस किती, पैसे किती आणि कधी, उशीर झाला तर काय, आणि पडद्यावर नाव कुठल्या पदापुढे, कसं लिहून येणार. स्पॉटदादांनी त्यावर सही करताना विचारलं होतं, "मॅडम, काही प्रॉब्लेम झालाय का?" पैसे कमी असतील तर तेही त्या पानावर लिहिते. माणसं तरीही येतात. जी येत नाहीत त्यांचंही बरोबर असतं.

तर मेसेजवाल्या मित्रा, आकडा ठरव आणि मग फोन कर. छोटा चालेल.

काकूंचं राहिलंच. स्क्रीनिंगला आल्या होत्या सुनेला घेऊन, इरकल नेसून. फिल्म संपली, नावं सुरू झाली, आणि दहाव्या सेकंदाला थिएटरवाल्याने दिवे लावले. लोक हेल्मेट शोधायला लागले. काकू तशाच बसून. "अगं, माझं नाव गेलं का?" मी धावत प्रोजेक्शन केबिनमध्ये गेले, हातापाया पडून शेवटची तीन मिनिटं परत लावायला लावली. रिकाम्या थिएटरमध्ये काकू, सूनबाई, स्पॉटदादा आणि मी. नाव आलं. आडनाव बरोबर होतं, मी तीनदा तपासलं होतं.

काकू म्हणाल्या, "फ्रिजचं नाही लिहिलंत?"